आठ नंबर गेला कुठं?

२०२२ च्या ऑगस्टअखेरीस क्रोम ब्राउझरची १०५ वी आवृत्ती आली आणि तंत्रज्ञानाच्या बातम्यांत एकच गलका झाला, की कंटेनर क्वेरी आली, आता पडद्याच्या रुंदीवरून मांडणी बदलणाऱ्या मीडिया क्वेरीची सद्दी संपली. कोल्हापुरातील चप्पल लाइनमधल्या एका दुकानदारांसाठी मी त्या वेळी वेबसाइट करत होतो. पडद्याच्या नव्हे, तर कार्ड (फोटो, किंमत, मापे दाखवणारा तुकडा) ज्या चौकटीत बसते तिच्या रुंदीवरून मांडणी बदलण्याची कंटेनर क्वेरीची ही सोय मला हवीच होती. कारण चपलेचे तेच कार्ड मुख्य भागात रुंद आणि कडेच्या पट्टीत अरुंद बसवायचे होते. बातमीच्या भरवशावर मी दोन रात्री जागून सगळी मांडणी नव्याने लिहिली.

दुकानात दाखवायला गेलो, तेव्हा मालकांनी मुलाचा जुना आयफोन ७ पुढे केला आणि विचारले, "अहो, आठ नंबर गेला कुठं?" मापांची रांग कार्डाबाहेर पडली होती, सातच्या पुढचे आकडे पडद्याच्या कडेला कापले गेले होते आणि किंमत फोटोमागे दडली होती. मी मोठ्या शहाणपणाने क्रोम टाकायला लावले, तर तिथेही तेच. आयफोनवरचा क्रोम आतून अॅपलच्या सफारी ब्राउझरच्याच वेबकिट इंजिनावर चालतो, हे ठाऊक असूनही त्या क्षणी आठवले नाही. सप्टेंबरमध्ये आयओएस १६ बरोबर सफारीतही ही सोय आली खरी. पण आयफोन ७ ची गाडी आयओएस १५ वरच थांबलेली.

घरी येऊन बातमी पुन्हा वाचली. क्रोमचे नाव दुसऱ्या परिच्छेदात होते, मथळ्यात नव्हते. फायरफॉक्सला तर फेब्रुवारी २०२३ उजाडावा लागला, आणि वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा या सोयीचा दस्तऐवज तेव्हा कच्च्या मसुद्याच्याच पायरीवर होता.

अर्थात, दस्तऐवजाच्या पायरीवरूनही फसगत होतेच. २००८ मध्ये एचटीएमएल५ या वेबपानांच्या भाषेच्या दस्तऐवजाचे संपादक इयन हिक्सन यांनी तो अंतिम शिफारस म्हणून पक्का होण्यासाठी २०२२ हे साल सांगितले होते. त्यात प्रचंड चाचणीसंच आणि दोन संपूर्ण, परस्परांशी जुळणारी अंमलबजावणी गृहीत धरली होती. बातम्यांनी त्याचे 'एचटीएमएल५ २०२२ पर्यंत वापरता येणार नाही' असे करून टाकले. प्रत्यक्षात त्याचे बरेच भाग ब्राउझरांत आधीच चालत होते आणि शिफारशीचा शिक्काही २८ ऑक्टोबर २०१४ रोजी बसला. दस्तऐवज पक्का होणे, ब्राउझरात सोय येणे आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनवर ती पोहोचणे या तीन गोष्टींना बातमीत 'तयार' हा एकच शब्द असतो, आणि मला त्यांतली फक्त तिसरी हवी होती.

दुरुस्तीला एक दुपार पुरली. न समजणारा नियम ब्राउझर मुकाट्याने वगळतो. मी मात्र रुंद मांडणी मूळ धरून अरुंद मांडणी त्या नव्या नियमात कोंबली होती. ते उलटे केले: मूळ मांडणी अरुंद, फोटोखाली किंमत आणि मापे दोन ओळींत, रुंद मांडणी कंटेनर क्वेरी समजणाऱ्यांसाठी.

२०२३ पासून, एखादी सोय ब्राउझरांत कितपत पोहोचली हे सांगणारी 'बेसलाइन'ची खूण पाहून मी निर्णय घेतो. सर्व प्रमुख ब्राउझरांत सोय आल्यानंतर तीस महिने उलटले, की ती सर्वत्र उपलब्ध मानतात. कंटेनर क्वेरीचे ते तीस महिने ऑगस्ट २०२५ मध्ये भरले. मालकांच्या मुलाचा आयफोन ७ मात्र अजून चालू आहे, आणि त्यावर मापे आजही दोन ओळींतच दिसतात, आठ नंबरासकट.