एकच रेणू, तीन रंग

आज कॉलममधून (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीतून) अखेर शुद्ध पदार्थ हाती आला. रेणूच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा ट्रायफिनाइलअमाईन, दुसऱ्या टोकाला ते ओढून घेणारा सायनो गट. चिमूटभर पूड वेगवेगळ्या द्रावकांत विरघळवली, दिवे मालवले आणि यूव्ही दिवा धरला. अध्रुवीय हेक्झेनमध्ये निळा, टोल्युईनमध्ये हिरवा, खूप ध्रुवीय अशा डीएमएफ या द्रावकात मंद नारिंगी! अंगावर काटा आला, खरंच.

कारण पुस्तकात कितीदा वाचलेलं: प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाकडे सरकतो, ध्रुवीय द्रावक त्या अवस्थेला सावरून धरतं, ऊर्जेतलं अंतर घटतं आणि रंग लाल बाजूला झुकतो. पण डोळ्यांनी बघणं वेगळंच.

हीच दाता-ग्राही (इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा) जोडणी ओएलईडीत, म्हणजे विजेवर उजळणाऱ्या सेंद्रिय पडद्यांत आणि दिव्यांत, फार मोलाची. तिथे विजेने तयार होणाऱ्या उत्तेजित अवस्थांपैकी साधारण 75 टक्के ट्रिप्लेट (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असलेल्या) असतात, साध्या सेंद्रिय रेणूत त्या वायाच जातात. 2012 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया आदाची यांच्या गटाने कार्बाझोल (हाही इलेक्ट्रॉन देणारा) आणि सायनो गट असे जोडले की इरिडियमसारख्या महागड्या धातूशिवाय त्याही प्रकाश देऊ लागल्या. मला ही रचना आजही थक्क करते.

उद्या ट्रायफिनाइलअमाईनच्या जागी कार्बाझोल लावायचाय. तो दाता जरा कमजोर, म्हणजे रंग निळ्याकडे सरकायला हवा.