तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा गॅस जाळून का टाकता?

सांडपाणी प्रकल्प बघायला आलेल्यांना फ्लेअरची, म्हणजे गाळ कुजून निघालेला गॅस जाळणाऱ्या चिमणीची, ज्योत दिसली की प्रश्न ठरलेला असतो: एवढा गॅस नुसता जाळून का टाकता? त्यावर वीज का करत नाही?

करता येते, आणि करायलाच हवी. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्याच्या टाकीवरचा गॅस धरून इंजिन चालवल्याची नोंद 1897 सालची आहे. गॅस निघतो, इंजिनं मिळतात. तो कोरडा आणि स्वच्छ होऊन इंजिनापर्यंत पोचत नाही, तिथे घोडं पेंड खातं.

आधी हिशेब. प्रायमरी टाकी (जिथे गाळ आधी नुसता खाली बसू देतात) असलेला 100 एमएलडीचा, म्हणजे रोज 10 कोटी लिटर सांडपाण्याचा प्रकल्प धरा. दिवसाला अंदाजे 20 टन कोरडा गाळ, त्यात 13 टन सेंद्रिय. डायजेस्टरमध्ये (गाळ हवेशिवाय कुजवायची बंद टाकी) 35 अंशांवर 20-25 दिवस राहिला तर यातला साधारण 45 टक्के भाग कुजतो. कुजलेल्या किलोमागे 0.9 घनमीटर धरला तर रोज 5,300 घनमीटर गॅस. मिथेन 60 टक्के असेल तर घनमीटरमागे दोन युनिट, म्हणजे दहा हजारांवर युनिट. प्रकल्पाची निम्म्याच्या आसपास वीज यात भागते. वर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या उष्णतेवर डायजेस्टर गरम राहतो, ते वेगळंच. एसबीआर प्रकल्पाला (जिथे एकाच टाकीत आलटून पालटून हवा देतात आणि पाणी निवळू देतात) मात्र हा हिशेब लावू नका. तिथे प्रायमरी गाळ नसतो आणि उरलेला गाळ हवेच्या टाकीतच अर्धाअधिक कुजून आलेला असतो.

आता पाणी. 35 अंशांवरच्या गॅसच्या प्रत्येक घनमीटरमध्ये 40 ग्रॅम वाफ असते. चिलरने गॅस 5 अंशांवर आणला की वरच्या प्रकल्पात रोज पावणेदोनशे लिटर पाणी निघतं. चिलर नसेल तर हेच पाणी पाइपात जमतं. गॅस होल्डरचा दाब जेमतेम 200 ते 250 मिलिमीटर पाण्याइतका. म्हणजे पाइपाच्या झोळात वीतभर पाणी उभं राहिलं की लाइन बंद! आधी गेजचा काटा हेलकावे खायला लागतो, इंजिन गचके देतं, मग गॅस रिलीफ व्हॉल्व्हमधून हवेत जातो. म्हणून लाइनला शंभराला एक असा उतार ट्रॅपकडे (पाइपातलं पाणी गोळा करणाऱ्या भांड्याकडे) हवा आणि प्रत्येक पाळीत ट्रॅप रिकामा व्हायला हवा. उन्हाळ्यात ट्रॅपमधलं सीलचं पाणी सुकतं आणि तिथूनच गॅस गळतो, हे पुष्कळदा विसरलं जातं.

हायड्रोजन सल्फाइड हा खरा वैरी. गाळाच्या गॅसमध्ये तो हजारो पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत इतके भाग) जातो आणि इंजिनाला साधारण 200 च्या आत लागतो. जळल्यावर त्याचं आम्ल होतं, ते ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंग खातं. ऑइलचा बेस नंबर (आम्ल मारायची ताकद) नव्या ऑइलच्या निम्म्यावर आला की तास मोजत बसू नका, ऑइल बदला. गाळातच फेरिक क्लोराइड सोडणं हा सर्वांत सोपा उपाय, त्यानंतर स्क्रबर (गॅस धुऊन सल्फाइड काढणारा मनोरा) किंवा लोहऑक्साइडचा थर. हा थर काढताना ओला ठेवावा लागतो. सुका उघडा टाकला तर तापून पेट घेतो. आणि माणसासाठी: 100 पीपीएमच्या वर नाकाला वास येणंच बंद होतं. वास नाही म्हणून खड्ड्यात उतरू नका, मीटर लावा.

इंजिनं मरतात ती बहुधा एकाच कारणाने: ‘स्क्रबर बंद आहे, दोन दिवस बायपासवर चालवा’, म्हणजे गॅस न धुताच इंजिनाला द्या, असं कुणीतरी सांगतं.

शॅम्पू-क्रीममधून आलेले सिलोक्सेन (सिलिकॉनची संयुगं) जळले की त्यांची वाळू होते. स्पार्क प्लगवर राखाडी-पांढरा, नखाने खरवडला तर करकरणारा थर दिसला की समजावं. त्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, पण ओल्या गॅसमध्ये तो लवकर निकामी होतो. म्हणून क्रम पाळा: आधी सल्फाइड, मग चिलर, मग गॅस जरासा कोमट करून कोळसा, मग इंजिन.

गॅस एकसारखा हवा असेल तर डायजेस्टरला गाळ दिवसातून एकदाच ओतू नका, थोडा थोडा चोवीस तास द्या. तोही थिकनरमधून चार-पाच टक्के घनपदार्थ राहील इतका घट्ट करून. दोन टक्क्यांचा पातळ गाळ दिला तर मुक्काम निम्मा होतो आणि उष्णता पाणी तापवण्यातच जाते. डायजेस्टर आंबायला लागला की आधी आम्लं वाढतात, पीएच सर्वांत शेवटी पडतो. आम्ल आणि अल्कलिनिटी (आम्ल पेलायची ताकद) यांचं प्रमाण 0.3 च्या वर गेलं की लगेच गाळ कमी करा.

इंजिन मागवण्याआधी वर्षभराच्या गॅसच्या आणि सल्फाइडच्या रोजच्या नोंदी हातात हव्यात. एका मोठ्यापेक्षा दोन लहान इंजिनं घ्या; अर्ध्याहून कमी भारावर ती खराब होतात. आणि तोवर फ्लेअर पेटताच ठेवा: न जळता सुटलेलं मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट हवा तापवतं. पावसात-वाऱ्यात पायलट (फ्लेअर पेटवणारी छोटी ज्योत) विझतो, तो प्रत्येक पाळीत जाऊन बघावा लागतो.