टायमिंग गेट, नोंद सातवी: आधी हात पोचतो, धड मागून येतं

अखेर चोर सापडला! मागच्या नोंदीत लिहिलं होतं तसं, ५०५ मध्ये (१० मीटर धावत येऊन गेट ओलांडायचं, पुढे ५ मीटरवर उलट वळून त्याच गेटमधून परत यायचं; गेटचा किरण तुटला की घड्याळ सुरू, परतताना तुटला की बंद) आमच्या खो-खो संघातल्या एकाच मुलीच्या लागोपाठच्या तीन धावांच्या वेळा २.६२, २.७८, २.७० सेकंद अशा येत होत्या. ती दमलेली नव्हती, घसरलेली नव्हती, डोळ्यांना तिन्ही धावा सारख्याच दिसत होत्या. "वळताना लक्ष दे" म्हणून मी तिला दोनदा बोललोही. चूक तिची नव्हतीच. काल मैदानावर सगळ्यांसमोर तिला तसं सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं.

पहिला संशय मावळतीच्या उन्हावर होता. रिसीव्हरला, म्हणजे किरण पकडणाऱ्या भागाला, काळ्या पाइपची नळी बसवली, गेट उत्तर-दक्षिण फिरवलं. फरक शून्य. वायरलेसचा प्रश्न नव्हता, ५०५ ला गेट एकच आणि घड्याळही एकच. मग रिसीव्हर उघडून पाहिले. ऑनलाइन मागवलेल्या टीएसएसपी ४०३८ (सतत पडणारा किरण ओळखणारे रिसीव्हर) च्या पाकिटात विक्रेत्याने चक्क टीएसओपी १७३८ भरले होते! ते रिमोटसाठीचे, सतत पडणाऱ्या किरणाला गोंगाट समजून गप्प बसतात. आता सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वतः जाऊन, छापलेला नंबर वाचूनच घेणार. खरे ४०३८ लावले. किरण स्थिर झाला, वेळा मात्र तशाच.

शेवटी गेटच्या रेषेत स्टुलावर मोबाइल ठेवला आणि सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. एकेक फ्रेम सरकवत गेलो. गेटवरचा लाल दिवा लागला त्या फ्रेममध्ये मुलीचं धड अजून हातभर मागे आहे आणि किरणात आहेत ती पुढे झेपावलेल्या उजव्या हाताची बोटं.

हिशेब लगेच जुळला. हात धडापुढे ४५-५० सेंटिमीटर, वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर, म्हणजे ८ शतांश सेकंद. आत जाताना हाताने किरण तोडला तर घड्याळ लवकर सुरू होतं आणि वेळ वाढते. बाहेर येताना तोडला तर वेळ कमी होते. दोन्हीकडे हात किंवा दोन्हीकडे धड आलं तर चूक आपोआप मिटते. म्हणून २.७० च्या दोन्ही बाजूंना आठ-आठ शतांश! आणि आपण सगळे तीनपैकी उत्तम वेळ धरतो. म्हणजे नेमकी सर्वांत चुकलेली वेळ वहीत चढते. एकाच किरणाचं गेट वापरणाऱ्यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासाव्यात, हे मी कळकळीने सांगतो.

उपाय प्रोग्राममध्येच निघाला. आता पहिला तुटलेला क्षण धरत नाही. किरण किती वेळा आणि प्रत्येक वेळी किती काळ तुटला ते सगळं नोंदवतो आणि सर्वांत लांब तुटीची सुरुवात धरतो. हात ७-१० मिलिसेकंदांत निघून जातो, धडाला ४० च्या आसपास लागतात. त्याच मुलीच्या कालच्या वेळा: २.७१, २.६९, २.७०. सहाव्या नोंदीपासून याच ओळीची वाट पाहत होतो.

लगेच वळण-तूट काढली, म्हणजे ५०५ च्या वेळेतून सरळ १० मीटरची वेळ वजा; उरतो तो वळण्यात जाणारा वेळ. हिची १० मीटर १.८६, तूट ०.८४. संघात सरळ धावेत मागे असलेल्या दुसरीची १० मीटर २.०२, ५०५ २.७२, तूट फक्त ०.७०. पहिलीला आणखी स्प्रिंट देऊन काही हाती लागणार नाही. तिला थांबायला शिकवायला हवं. या आठवड्यापासून तिच्या स्प्रिंट निम्म्या, त्या जागी वेगातून तीन पावलांत थांबण्याचा सराव.

एक अडचण उरलीच आहे. वळून बाहेर पडताना काहीजणी इतक्या वाकतात की हाताची आणि धडाची तूट एकमेकींत मिसळते. ३६ धावांत दोनदा झालं. २० सेंटिमीटर वर दुसरा किरण लावून दोन्ही एकदम तुटले तरच मोजायचं, असं ठरवलं होतं.

पण हे लिहिताना दुसरंच डोक्यात आलंय. खो-खोत पाठलाग करणारीला अर्ध्यातून उलट फिरताच येत नाही, ती खांबापलीकडे जाऊनच वळते. मग ५०५ खरी हुलकावणी देणाऱ्या संरक्षकांची चाचणी झाली. आक्रमकांसाठी गेट खांबापासून ५ मीटरवर मधल्या पट्टीला आडवं लावायचं: एका बाजूने आत, खांब धरून वळसा, दुसऱ्या बाजूने बाहेर. गेट तेच, प्रोग्राम तोच, फक्त दोन तिवयांमधलं अंतर दीड मीटरवरून चारवर न्यायला हवं. दुसरा किरण पुढच्या महिन्यात. रविवारी सकाळी आधी चार मीटरवर किरण टिकतो का ते बघतो. मुलींना साडेसहाला बोलावलंय.