बुळकांडीत नापास

परवा रात्री साडेअकराला आमच्या व्हेटरनरी कॉलेजच्या ग्रुपवर एक पोस्ट पडली आणि सकाळी उठून बघते तर १२७ मेसेज. सगळे "अभिनंदन भावा", "नाव काढलंस कॉलेजचं" आणि हारतुऱ्यांचे स्टिकर. आमचा एक ज्युनियर उपजिल्हाधिकारी झाला. पोरगं हुशारच होतं, ॲनाटॉमीच्या जर्नलमधल्या आकृत्या आम्हा सिनियरांना काढून द्यायचं, त्यामुळे मीही हात जोडलेला स्टिकर टाकला आणि चहा ठेवला.

आधीच सांगते म्हणजे कुणी मला जळकी म्हणायला नको, राज्यसेवेची प्री मीही दोनदा दिलीय. दोन्ही वेळा आपटले. आता गेली काही वर्षं पशुधन विकास अधिकारी म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत ढोरांची डॉक्टरीण.

तर आमच्यात माजी विद्यार्थ्यांच्या यशाचं एक ठरलेलं गणित आहे बघा. साडेपाच वर्षं घालवून, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपमध्ये शेणात कोपरापर्यंत हात घालून, जो माणूस शेवटी जनावरांपासून जितका लांब जाईल तितकी त्याची बातमी मोठी. कलेक्टर ऑफिसात गेला तर फोटोसकट, अमेरिकेला पीएचडीला गेला तर फोटो आणि चार ओळी, बँकेत कृषी अधिकारी झाला तरी नाव येतं. आणि दर सहा महिन्यांनी कुणीतरी तो ठरलेला फॉरवर्ड टाकतोच की फायझरचे प्रमुख अल्बर्ट बूर्ला मूळचे व्हेटरनरी डॉक्टर आहेत. खरंय ते, ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या विद्यापीठातून झालेत, पण त्यात आपण काय केलं? त्यापेक्षा मला पीटर डोहर्टी भारी वाटतात, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातून आपलीच डिग्री घेतलेले, ज्यांना १९९६ चं नोबेल मिळालं, आपल्या धंद्यातलं एकमेव. आणि आपल्याकडच्या म्हणाल तर अमृता पटेल, मुंबईतून पशुवैद्यकाची पदवी घेऊन १९६५ साली आणंदला अमूलमध्ये कामाला लागल्या आणि पुढे १९९८ ते २०१४ अशी सोळा वर्षं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्ष होत्या, मध्ये २००१ मध्ये पद्मभूषण. त्यांचा फॉरवर्ड मात्र मी आजवर एकदाही बघितला नाही, का ते देव जाणे.

पण सांगायचंय ते वेगळंच. गेल्या स्नेहमेळाव्याला एक जुने सर पाहुणे म्हणून आले होते. आमच्या कॉलेजचे नव्हेत, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पास झालेले. १८८६ साली सुरू झालेलं कॉलेज ते, आमच्यासारख्या नंतरच्या कॉलेजवाल्यांना त्याचा जरा धाकच असतो. सरांनी माईक हातात घेतला, "आदरणीय व्यासपीठ" वगैरे काही नाही, डायरेक्ट प्रश्न.

"बुळकांडी कुणी बघितलीय? हात वर करा."

कुणाचाच हात नाही. मागून एका फायनल इयरच्या पोराने उभं राहून घडाघडा सांगितलं, सर मॉर्बिलीव्हायरस, गोवराच्या विषाणूचा भाऊबंद, ताप, तोंडात फोड, मग हगवण...

"ते पुस्तकातलं झालं. बघितलीय का?"

"नाही सर."

"म्हणजे सगळे नापास. शाब्बास!" म्हणाले आणि स्वतःच खदाखदा हसत सुटले.

आम्हाला कळायला दोन सेकंद लागली. बुळकांडी म्हणजे रिंडरपेस्ट, एकेकाळी गोठेच्या गोठे आठवड्याभरात साफ करणारा रोग. आफ्रिकेत १८९० च्या दशकात शिरला तेव्हा कित्येक भागांत दहातली आठ-नऊ गुरं गेली आणि मागोमाग माणसं भुकेने मेली. आपल्याकडे इंग्रज सरकारने डिसेंबर १८८९ मध्ये पुण्यात बॅक्टेरिऑलॉजीची प्रयोगशाळा काढली तीही असल्याच गुरांच्या साथींपायी, तीच पुढे उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला गेली आणि आज तिला आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, म्हणतात (पुण्याचे लोक नको त्या शंभर गोष्टींचा अभिमान बाळगतात, हे मात्र कुणाला माहीत नसतं). १९५४ पासून देशभर निर्मूलनाची मोहीम चालली, शेवटची लागण १९९५ ला, २००६ मध्ये भारत अधिकृतपणे मुक्त आणि २०११ मध्ये अख्खं जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग, आणि तो घालवणाऱ्यांत आपल्याच कॉलेजांतले लोक होते, मोपेड आणि एसटीवरून फिरणारे.

सर सांगत होते की लस बर्फाच्या थर्मासमध्ये न्यायची, एकदा पाणी घालून कालवली की काही तासांत संपवायलाच लागायची नाहीतर फेकून द्या, आणि नेमकं गावात पोचलं की अर्धी जनावरं डोंगराला चरायला गेलेली, मग ती येईपर्यंत पारावर थर्मास मांडीत घेऊन बसायचं, कुणी त्याला हात लावू नये म्हणून. लोक म्हणायचे सुई टोचली की म्हैस आटते, गाय गाभडते. एका म्हातारीने तर सरांना सांगितलं म्हणे, आधी मला टोच, मी दोन दिवस जगले तर माझ्या गाईला टोच.

जेवणाच्या रांगेत मी त्यांच्या मागेच होते. ताट धरलेला त्यांचा उजवा अंगठा बघितला, वरचं पेर कायमचं आत वळलेलं. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "सिरिंजचा दट्ट्या गं. दिवसाला शे-दोनशे, वर्षानुवर्षं." किती जनावरं झाली एकूण, मी विचारलं. "महिन्याचा रिपोर्ट जायचा ना वर. आपण कशाला लिहून ठेवतोय."

मला एकदम २०२२ चा लंपी आठवला, गुरांच्या अंगभर गाठी उठवणारा साथीचा रोग. जळगावकडून ऑगस्टमध्ये बातम्या यायला लागल्या आणि बघता बघता आमच्याकडे. राज्यात गाई-बैल जवळपास १ कोटी ४० लाख, आणि सगळ्यांना शेळ्यांच्या देवीची लस कातडीखाली टोचायची, प्रत्येकाला नवी सुई, इंटर्नशिपची पोरंसुद्धा गाड्यांवर घातलेली. तेव्हा रात्री घरी आल्यावर मला भाकरी मोडता यायची नाही, नवरा मोडून द्यायचा. मी कुणालातरी हे सांगितलं असेल नसेल. किती टोचली तो आकडा माझ्याकडेही नाही, रिपोर्टमध्ये गेला. आणि ज्या गाई वाचल्या त्यांच्या मालकांना वाटतं आपल्या गोठ्यात लंपी आलाच नव्हता, तर डॉक्टरीणबाईंनी केलं काय नेमकं? त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. जो रोग झालाच नाही त्याचा फोटो कसा काढणार.

सरांनी ताटातला गुलाबजाम माझ्या ताटात टाकला (शुगर) आणि विचारलं, "लंपीतून उठलेल्या जनावरांच्या अंगावर गाठींचे डाग राहिलेत का गं अजून?" मी म्हटलं काहींच्या आहेत. "दूध?" म्हटलं, कासेवर गाठी होत्या त्यांचं गेलं ते गेलं. मग आम्ही दोघं बराच वेळ काससुजीवर बोलत उभे राहिलो आणि तेवढ्यात माझा फोन वाजला, म्हशीचं अंग बाहेर आलंय, मॅडम लवकर या. आईस्क्रीम राहिलं.

मेळाव्याची बातमी नंतर ई-पत्रिकेत आली. उपसचिव झालेल्या सिनियरांचा अर्धं पान फोटो, कॅनडावाल्या मॅडमचा व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट, आणि सगळ्यात खाली "ज्येष्ठ पाहुण्यांनी मनोगत व्यक्त केले." मनोगत! नापास केलं त्यांनी आम्हाला, ते कुठंय?

म्हणून मीच बसून दोन पानं लिहिली, बुळकांडी, थर्मास, ती म्हातारी, सगळं, आणि पत्रिकेचं काम बघणाऱ्या मैत्रिणीला पाठवली. तिचा रिप्लाय आला, "मस्तच गं!! पुढच्या अंकात घेऊ. सरांचा चांगला फोटो आहे का, शाल घालतानाचा वगैरे?"

शालीचा नव्हता. जेवताना मी हळूच एक काढला होता तो पाठवला, ताटाची कड आणि अंगठा. दोन निळ्या टिक आल्यात, तीन दिवस झाले.