तुम्ही विचारलंत म्हणून: दोन दिवस टेकड्या चालून काय होणार?

एखाद्या संस्थेसाठी निधी गोळा करायला आफ्रिकेतला किलिमांजारो चढायचं ठरलं की आम्ही निघण्याआधी सगळ्यांना एक शनिवार-रविवार डोंगरात चालायला नेतो. आणि कुणीतरी विचारतंच, ‘डोंगर 5,895 मीटरचा. दोन दिवस टेकड्या तुडवून असं काय होणार?’

दमाचं म्हणाल तर काहीच होणार नाही. तो आधीच्या काही महिन्यांत, नेमाने चालून-चढून कमवायचा असतो. विरळ हवेची सवयही टेकडीवर लागत नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. त्याची सवय त्या डोंगरावरच, मुक्काम करत, सावकाश चढत करून घ्यावी लागते.

हे दोन दिवस असतात ते रविवारसाठी.

शनिवार कुणालाही जमतो. नवे बूट, नवा उत्साह, गप्पा चालू असतात, तरणीताठी मंडळी पहिल्या चढावरच पुढे निघून जातात. रविवारी सकाळी मात्र तेच पाय त्याच बुटांत घालायचे असतात आणि पुन्हा सहा-सात तास चालायचं असतं. काल कुठे चुरचुरत होतं ते आज फोड होऊन वर येतं. सॅकचा कुठला पट्टा खांद्याला काचतो ते आज कळतं. किलिमांजारोवर सलग सहा-सात दिवस हेच करायचं आहे. म्हणून महिनाभराच्या अंतराने केलेल्या दोन मोठ्या चालींपेक्षा लागोपाठचे दोन दिवस मला जास्त मोलाचे वाटतात.

रविवारी मांड्या दुखतात त्या बहुतेक चढामुळे नव्हे, उतारामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडे ताणला जातो आणि त्याच वेळी आखडून अंगाचा भार पेलतो, ब्रेक दाबून धरल्यासारखा. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. गंमत म्हणजे एकदा हा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढ्या उताराला तितका दुखत नाही. घरी ट्रेडमिलला चढ देऊन कितीही घाम गाळला, तरी हे त्यातून साधत नाही.

किलिमांजारोवर याची गरज केव्हा पडते? मचामे किंवा लेमोशो वाटेने गेलात तर शिखराच्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास बाराफू तळावरून निघून सुमारे 1,200 मीटर चढायचं असतं. मग त्याच दिवशी, बहुधा म्वेका तळापर्यंत, सुमारे 2,800 मीटर उतरायचं. म्हणजे चढाच्या दुपटीहून जास्त उतार, तोही रात्रभर झोप नसताना, वरच्या टप्प्यात सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावरून. त्यामुळे सरावाची वाट निवडताना मी माथा किती उंच ते पाहत नाही, उतार किती लांब ते पाहते. उतरण्याआधी पायाची नखं कापून ठेवा आणि नाड्या घोट्यापाशी घट्ट आवळा, नाहीतर अंगठे बुटाच्या टोकावर आदळून नखं काळी पडतात. काठ्या घेणार असाल तर त्या याच दोन दिवसांत वापरून बघा.

वेगाबद्दलही लोक फार विचारतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशोब मांडला होता. तो मीटरमध्ये असा सांगतात: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. पंधरा किलोमीटरची वाट, 900 मीटर चढ, म्हणजे साडेचार तास. यात थांबणं धरलेलं नाही, आणि दहा-बाराजणांचा गट फार थांबतो. सगळ्यात मागच्या माणसाच्या चालीने चालायचं, हे पुढच्यांच्या गळी उतरवण्यातच आमचा निम्मा शनिवार जातो.

निधीसाठीच्या चढाईत आणखी एक गोष्ट असते, आणि मला तिचीच जास्त धास्ती वाटते. लोकांनी तुमच्या नावावर पैसे दिलेले असतात. ‘आता मागे कसं फिरायचं?’ हे ओझं डोक्यावर घेऊन माणूस वर डोकं दुखतंय, मळमळतंय हे लपवतो. उंचीचा त्रास तंदुरुस्त माणसालाही होतो. तो वाढत असेल तर खाली उतरणं हाच खात्रीचा उपाय, आणि लपवाछपवी जिवावर बेतू शकते. म्हणून सरावातच आम्ही एक नियम पाळतो: टाच चुरचुरली, डोकं जड वाटलं, तहान लागली, जे असेल ते तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं आणि सगळ्यांनी थांबायचं. सुरुवातीला माणसं भयंकर संकोचतात. रविवारी दुपारपर्यंत बरीचशी बोलू लागतात. पैसे देणाऱ्यांनाही आधीच कळवून टाका, की तुमचं दान संस्थेला पोचणार आहे, मी शिखरावर पोचो अगर न पोचो.

आता, कधी करायचं? निघण्याआधी साधारण तीन ते पाच आठवडे. फार आधी केलं तर स्नायूंना झालेला फायदा ओसरतो. शेवटच्या आठवड्यात केलं तर फोड भरायला आणि बूट चावतच असतील तर ते बदलून नव्यांना पाय सरावायला वेळ उरत नाही.