टोमॅटोची लागवड: आधी पेपर नीट, मग जिवाणू खत

टोमॅटोच्या गादीवाफ्याला ३० मायक्रॉनचा, चार फूट रुंद मल्चिंग पेपर (माती झाकायचं प्लॅस्टिक) घ्या. चंदेरी बाजू वर, काळी खाली. ठिबकची नळी आधीच टाकून पाणी सोडून बघा; पेपरखाली तुंबलेला ड्रिपर रोप सुकेपर्यंत कळत नाही. पेपर ताणूनच बसवा. ढिला राहिला की फडफडतो आणि रोपासाठी पाडलेल्या छिद्रातून येणारी गरम वाफ कोवळं खोड मातीलगत भाजते. छिद्राभोवती मूठभर माती दाबाच.

अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र पिकाला देणारं) आणि पीएसबी (मातीतलं स्फुरद विरघळवणारं) ही जिवाणू खतं प्रत्येकी २५० ग्रॅम, १० लिटर पाण्यात कालवून रोपांची मुळं ५ ते १० मिनिटं सावलीत बुडवा. त्यात रासायनिक बुरशीनाशक अजिबात नको, जिवाणू मरतात. आणि रासायनिक नत्र खताचा हप्ता एकदम तोडू नका. जिवाणू खत जोडीला असतं, बदली नाही.