काही होऊनच नाही राहिलं ना बाप्पा!

समलैंगिक नात्यांवरचा ‘अलीगढ’ किंवा ‘साबर बोंडं’सारखा सिनेमा घरच्या टीव्हीवर लावला की वीसेक मिनिटांत आपल्या नागपुरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणाऱ्याची चूक अर्धीच असते. उरलेली अर्धी टीव्हीच्या सेटिंगची आणि एप्रिल ते जून खिडकीत घरघरणाऱ्या कूलरची.

समलैंगिक नात्यांवरचे छोटे, स्वतंत्र सिनेमे बरेचदा अंधारात आणि दबक्या आवाजात घडतात. पैशांची टंचाई हे त्याचं एक कारण, पण मुख्य कारण गोष्टीतच असतं. ज्यांना चारचौघांत जवळ बसता येत नाही, ती माणसं रात्री, शेताच्या कडेला, कडी लावलेल्या खोलीत अर्ध्यामुर्ध्या वाक्यांत बोलणार. मारधाडीच्या सिनेमातला अंधार आणि शांतता बिघडली तरी फारसं नुकसान होत नाही. इथे थेट गोष्टच गळून जाते, आणि मग लोक म्हणतात सिनेमा संथ आहे.

हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ (२०१६) घ्या. तो ज्यांच्यावर आहे ते प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस नागपूर विद्यापीठात शिकलेले, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना समलैंगिक संबंधांवरून निलंबित केलं, १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि आठवडाभरातच ते घरी मृतावस्थेत सापडले. सिनेमा सुरू होतो तो थंडीतल्या रात्री. कॅमेरा इमारतीसमोर लांब उभा, सायकलरिक्षा येते, वरच्या खोलीत दिवा लागतो, आणि मग काय घडतं ते आपण रस्त्यावरच्या माणसासारखं बाहेरून बघतो. हा शॉट काळा-करडा आहे. टीव्हीने त्यातले करडे थर गिळले की उरतो फक्त एक पिवळा चौकोन, आणि चिडचिड.

त्याच सिनेमात सिरस झालेला मनोज वाजपेयी हातात ग्लास घेऊन एकटा बसून लताबाईंचं ‘आप की नज़रों ने समझा’ ऐकतो. कॅमेरा चेहऱ्यावरून हलत नाही. हिंदी सिनेमात पुरुषाच्या एकटेपणाचं इतकं नेमकं चित्र मी क्वचितच पाहिलं आहे. कोर्टातले प्रसंग मात्र मला तितकेसे पटत नाहीत. दोन्ही बाजू जरा जास्तच ठरवून बोलतात. राजकुमार रावच्या पत्रकाराशी जुळत जाणारी मैत्री त्याहून कितीतरी खरी वाटते.

आता टीव्ही. दुकानातून येतो तेव्हा तो बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘स्टँडर्ड’वर असतो. व्हिव्हिडमध्ये निळसरपणा वाढतो आणि सावळ्या कातडीवर राखेची छटा येते. गावातल्या माणसांच्या सिनेमात हे फारच खटकतं. पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’ करा, नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. मग मोशन स्मूदिंग पूर्ण बंद करा. सॅमसंगमध्ये ते ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावाने सापडेल, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही त्यांच्या मधे स्वतःच्या बनावट चौकटी घुसवतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसू लागतं. तिसरं, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे चमक बदलणारा इको सेन्सर, दोन्ही बंद. कॅमेरा दोन मिनिटं स्थिर असताना पडदा आपोआप उजळतो-मंदावतो तो यांच्यामुळे. चौथं, ब्राइटनेस वाढवून अंधारातलं बघायला जाऊ नका. काळं फक्त धुरकट होतं. त्यापेक्षा ट्यूबलाइट घालवा आणि हवा तर टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा ठेवा.

अंधाऱ्या प्रसंगात भिंतीवर चौकोनी ठिपके नाचत असतील तर तो दोष सेटिंगचा नसतो. स्ट्रीमिंगला डेटा कमी मिळतोय, किंवा प्लॅनच कमी रिझोल्यूशनचा आहे.  १०८० पिक्सेलच्या फुल एचडीसाठी नेटफ्लिक्सच ५ एमबीपीएसचा स्थिर वेग सांगतं. ॲपमध्ये डाउनलोडची सोय असेल तर गुणवत्ता ‘हाय’ ठेवून आधी उतरवून घेतलेलं बरं.

आवाज हे याहून मोठं दुखणं. सिनेमाचा आवाज बहुधा ५.१ मध्ये, म्हणजे सहा चॅनलांत, मिसळलेला असतो आणि संवाद प्रामुख्याने मधल्या चॅनलवर. टीव्हीचे दोन बारके स्पीकर ते सहा चॅनल दोनांत कोंबतात तेव्हा संवाद खाली दबतात. ऑडिओच्या यादीत स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो घ्या, नसेल तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करून बघा. ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंदच हवं, कारण ते शांत प्रसंगातली रातकिड्यांची किरकिर संवादाच्या पातळीवर आणून बसवतं. आणि कूलर! त्याची घरघर आवाजाच्या खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते. तिच्याखाली आधी जातात ते स, श, फ, ह. कुजबुज म्हणजे जवळपास तेवढंच. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा असं सांगणारा माणूस वेडाच म्हणायचा, तेव्हा कान झाकणारा हेडफोन, तोही वायरचा. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे रेंगाळू शकतो. त्यातल्या त्यात दिवाळीनंतरचे महिने या सिनेमांसाठी राखून ठेवावेत.

रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला तर ही काळजी फारच लागते, कारण त्यात पार्श्वसंगीतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या कथाविभागात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं आणि १९ सप्टेंबर २०२५ ला तो इथल्या थिएटरांत लागला. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि बालमित्राजवळ पुन्हा ओढला जातो, एवढीच गोष्ट. विकास अर्स यांचा कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. माणसं चौकटीत येतात, बसतात, उठून जातात. सुतकाच्या घरात खरंच असंच चालतं. मला सर्वांत आवडलं ते हे, की आईला सगळं आधीपासून ठाऊक आहे. त्यामुळे अशा सिनेमांतला तो ठरीव प्रसंग, मुलगा रडत सांगतो आणि घर हादरतं, इथे नाही. ताण सगळा नातेवाइकांच्या ‘लग्नाचं काय?’मध्ये. तक्रार एकच. आनंदची मुंबई आपल्याला पुरती कळते, मित्राचं गावातलं रोजचं जिणं मात्र त्या मानाने वरवरच राहतं.

हा विषय मराठीत अचानक उगवला असं समजू नये. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त (१९८२) महिलाश्रमातल्या दोघींचं नातं येतं आणि व्यवस्थापनाची पळापळ होते. प्रसंग छोटाच, पण त्यात स्मिता पाटीलची अधीक्षिका ज्या पेचात पडते तो आजही जुना झालेला नाही. विजय तेंडुलकरांच्या कथेवरून रवी जाधवांनी ‘मित्रा’ हा कृष्णधवल लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ च्या ‘बायोस्कोप’ या चार लघुपटांच्या सिनेमात तो थिएटरात आला. वीणा जामकरसाठी जरूर बघा. 

‘कोबाल्ट ब्लू’ (२०२२) मला फसलेला वाटतो. सचिन कुंडलकरांच्या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात आणि दोघांचं निवेदन वेगवेगळं येतं. एकाने न सांगितलेलं दुसऱ्याच्या तोंडून कळतं, खरी गंमत त्यात. सिनेमात पुण्याचं कोची झालं, भावाचं पारडं जड झालं आणि प्रत्येक चौकट इतकी देखणी सजवली की दुःखाला बसायला जागाच उरली नाही. उलट सुधांशू सरियांचा ‘लव’ (२०१५) महाबळेश्वरच्या सहलीवर दोन मित्रांना नेतो, मग त्यांच्यात जे घडतं त्याला माफीही देत नाही आणि भाषणही. मल्याळम ‘कादल’मध्ये (२०२३) मामुट्टीसारखा नट समलैंगिक पुरुषाची भूमिका घेतो हे मोठंच. पण दोघा पुरुषांना दिग्दर्शक इतकं दूर ठेवतो की कधीकधी तो प्रेक्षकाला घाबरतोय असं वाटतं. त्या दोघांतला ड्रायव्हिंग शिकवणारा थंकन मात्र लक्षात राहतो, फारसं न बोलता.

थिएटरचं गणित वेगळं. अशा सिनेमाला सिताबर्डीत किंवा मेडिकल चौकात लागला तर दिवसाला एखादा खेळ मिळतो, तोही सकाळी नाहीतर रात्री उशिरा. शुक्रवार ते रविवारची तिकीटविक्री बघून पुढच्या शुक्रवारचं ठरतं, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणणाऱ्याला तो बहुधा सापडत नाही. ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं तर आणखी पंचाईत: टीव्ही वाहिन्यांवर ‘ए’ सिनेमा दाखवता येत नाही, म्हणजे निर्मात्याचे ते पैसे गेले. ‘अलीगढ’च्या तर ट्रेलरलाच ‘ए’ मिळालं होतं, आणि असा ट्रेलर ‘यू’ किंवा ‘यूए’ सिनेमाआधी लावता येत नाही. मग लोकांना कळणार कसं? चुंबनावरची कात्री पुष्कळदा दिग्दर्शक आपणच चालवतो ती याच हिशेबाने.

चारजणांनी मिळून दाखवायचा बेत असेल तर आपल्या ओटीटी खात्यावरून सभागृहात खेळ लावू नका, त्या वर्गणीत सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क नसतो. दिग्दर्शकाला किंवा निर्मात्याला सरळ लिहा. छोट्या सिनेमांची मंडळी बरेचदा स्वतः उत्तर देतात आणि माफक मानधनात फाइल पाठवतात. सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे का ते त्याच पत्रात विचारून घ्या. फाइल एच.२६४ एमपी४ या सहज चालणाऱ्या प्रकारात मागा, सबटायटल्स चित्रातच कायमची उमटवलेली असतील तर ऐनवेळी फॉन्टची बोंब होत नाही. आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर, सर्वांत अंधाऱ्या प्रसंगाची पाच मिनिटं चालवून बघा. खिडक्यांना दुपारी काळं कापड लावा, संध्याकाळी सहाला शोधायला निघाल तर मिळणार नाही.